तीन दिवसांचा कायदा, वीस वर्षांचे कुलूप

१ मार्च १९६८ रोजी ब्रिटनच्या राणीची संमती मिळालेल्या ‘कॉमनवेल्थ इमिग्रंट्स ॲक्ट’च्या पहिल्याच कलमात आजी-आजोबा येतात. ब्रिटिश सरकारचा पासपोर्ट बाळगणाऱ्या नागरिकाला ब्रिटनमध्ये विनाअट उतरायचे असेल, तर तो स्वतः, किंवा त्याच्या आई-वडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी निदान एकजण ब्रिटनमध्ये जन्मलेला हवा; नाहीतर तिथे नागरिकत्व मिळालेला, दत्तक गेलेला किंवा नोंदणी झालेला तरी हवा. बाकीच्यांनी परवाना घ्यायचा. कलमात वर्ण नाही, वंश नाही, धर्म नाही. केनियाचे नाव नाही आणि भारताचेही नाही. नुसता मजकूर वाचणाऱ्याला त्यात आक्षेपार्ह असे काही सापडत नाही.

पावणेसहा वर्षांनी, १४ डिसेंबर १९७३ रोजी, स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क आयोगाने मात्र असा निष्कर्ष काढला की या कायद्याने ब्रिटनने आपल्याच २५ नागरिकांना मानहानीकारक वागणूक दिली. युरोपीय मानवी हक्क करारात हा दोष छळ आणि अमानुष वागणूक यांच्याच कलमात येतो. ज्या कायद्यात वंशाचा उल्लेखही नाही तो वंशभेदी ठरला कसा, आणि ठरल्यावर त्या निष्कर्षाचे पुढे झाले काय, हे दोन्ही प्रश्न कागदांनीच सोडवायचे आहेत. पण कागद एकाच वेळी उघडले नाहीत. कायदा आणि संसदेतली भाषणे १९६८ मध्येच छापली गेली. एका मंत्र्याची रोजनिशी १९७६ मध्ये आली. आयोगाच्या अहवालाला अधिकृत प्रसिद्धी मिळाली ती १९९४ मध्ये, आणि मंत्रिमंडळाची टिपणे १९९९ मध्ये खुली झाली. त्या काळात वाद घालणाऱ्या कुणाच्याही हाती सगळे कागद नव्हते. आता ते शेजारी-शेजारी मांडता येतात.

आधी माणसे. मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर हा रेल्वेमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार करारबद्ध मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. त्यातले बरेचसे परतले. केनियातली भारतीय वस्ती पुढे वाढली ती मुख्यतः कच्छ-काठेवाडातून आलेल्या व्यापाऱ्यांनी, पंजाबी कारागिरांनी आणि गोव्यातून आलेल्या कारकुनांनी. १९६२ च्या जनगणनेत केनियात भारतीय उपखंडातल्या वंशाचे सुमारे पावणेदोन लाख लोक होते.

गोव्याच्या वाचकांना यातला एक धागा जवळचा वाटेल. वसाहतीच्या सरकारी कचेऱ्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता, आणि त्यांचे कागदपत्र इतर भारतीयांहून निराळे असत, कारण गोव्यात जन्मलेला माणूस १९६१ पर्यंत पोर्तुगालचा नागरिक होता. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातही हे लोक होते. पियो गामा पिंटो यांची २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत हत्या झाली. फिट्झ डिसूझा हे वकील लंडनच्या लँकेस्टर हाउसमधल्या वाटाघाटींना हजर होते आणि पुढे केनियाच्या संसदेचे उपसभापती झाले. केनियातले भारतीय नव्या राष्ट्रापासून अलिप्तच राहिले, असे सरसकट म्हणणाऱ्याने ही दोन नावे विसरता कामा नयेत.

आता नागरिकत्वाचा गुंता. ब्रिटनच्या १९४८ च्या कायद्याने लंडनमध्ये जन्मलेला इंग्रज आणि नैरोबीत जन्मलेला भारतीय वंशाचा माणूस एकाच वर्गात बसवले होते : ‘युनायटेड किंग्डम आणि वसाहतींचे नागरिक’. केनियाची किनारपट्टी मात्र वसाहत नव्हती. ती झांझिबारच्या सुलतानाच्या नावावर असलेली संरक्षित पट्टी होती. त्यामुळे मोंबासात जन्मलेला माणूस, वडिलांकडून दुसरे नागरिकत्व मिळाले नसेल तर, ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ ठरे. नैरोबी आणि मोंबासा यांच्यातला हा फरक त्या वेळी कुणाला फारसा जाणवला नसेल. स्ट्रासबुर्गमध्ये मात्र त्यावर सहा माणसांचे नशीब ठरले.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. केनियात जन्मलेल्या आणि आई-वडिलांपैकी एकजण तिथेच जन्मलेल्या व्यक्तीला नवे नागरिकत्व आपोआप मिळाले. इतरांना अर्ज करायला दोन वर्षे होती. अनेकांनी तो केला नाही. ते ब्रिटनचेच नागरिक राहिले, कारण ब्रिटनने ते काढून घेतले नव्हते.

इथे आधीच्या, म्हणजे १९६२ च्या, स्थलांतर कायद्यातली एक बारीक तरतूद महत्त्वाची ठरते. त्या कायद्याने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर पहिल्यांदा निर्बंध घातले, पण ज्यांचा पासपोर्ट खुद्द लंडन सरकारने दिलेला आहे त्यांना वगळले. वसाहतीच्या गव्हर्नरने दिलेला पासपोर्ट या सवलतीत येत नव्हता. केनिया स्वतंत्र झाला, गव्हर्नर गेला, आणि नैरोबीतल्या उरलेल्या ब्रिटिश नागरिकांना पासपोर्ट देण्याचे काम ब्रिटिश उच्चायुक्तालयाकडे आले. उच्चायुक्तालय म्हणजे लंडन सरकारच. वसाहत असताना ज्यांना ब्रिटनच्या दरवाजात अडवता येत होते, वसाहत संपल्यावर त्यांनाच तो दरवाजा मोकळा झाला.

हे जाणूनबुजून झाले की नजरचुकीने? १९६८ मधला सगळ्यात कडवट वाद यावरच झाला आणि तो हुजूर पक्षाच्याच दोन माजी मंत्र्यांमध्ये झाला. डंकन सँडिस हे केनियाच्या स्वातंत्र्याच्या वेळी वसाहतमंत्री होते. आपण असे कोणतेही वचन दिले नव्हते, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याआधी, १९५९ ते १९६१ या काळात तेच खाते सांभाळणारे इयन मॅक्लाउड यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकातून खुद्द सँडिस यांनाच अनावृत पत्र लिहिले. त्याचा आशय असा की वचन दिले होते, ते आपणच दिले होते, आणि आता ते मोडणे आपल्याला शोभत नाही. अल्पसंख्याकांना शेवटचा आसरा ब्रिटनचा राहील हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते, अशी त्यांची भूमिका होती.

दोघांपैकी खरे कोण बोलत होते याचा निवाडा करायला कुणाच्या अंतःकरणात शिरायची गरज नाही, असे मला वाटते. १९६३ नंतरची चार वर्षे ब्रिटिश अधिकारी हे पासपोर्ट देत होते, आणि ते दाखवून लंडनच्या विमानतळावर उतरणाऱ्यांना आत सोडत होते. सरकार वर्षानुवर्षे जे करते तोही पुरावाच असतो. हेतू काहीही असो, नागरिकांनी त्या व्यवहारावर विसंबून केनियातली दोन वर्षांची मुदत जाऊ दिली. मॅक्लाउड यांची बाजू मला जड वाटते ती यामुळे.

१९६७ मध्ये केनियाच्या संसदेने दोन कायदे केले. एकाने परदेशी नागरिकांना कामासाठी परवाना सक्तीचा केला, दुसऱ्याने त्यांच्या व्यापाराला ठरावीक भाग आणि ठरावीक माल एवढीच मुभा ठेवली. दुकान चालवणारा, शाळेत शिकवणारा, कचेरीत हिशेब लिहिणारा ब्रिटिश पासपोर्टधारक आता आज ना उद्या बेकार होणार हे उघड झाले. १९६७ मध्ये केनियातून ब्रिटनला सुमारे १३ हजार लोक गेले. १९६८ च्या पहिल्या दोनच महिन्यांत जवळजवळ तितकेच. सँडिस आणि त्यांच्याच पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांनी प्रवेश रोखण्याची मोहीम उघडली होती. पॉवेल यांचे वॉलसॉलचे भाषण ९ फेब्रुवारीचे. दरवाजा बंद होणार अशी चर्चा जितकी वाढली, तितकी नैरोबीतल्या विमान कंपन्यांच्या खिडक्यांवर गर्दी वाढली, आणि ती गर्दी मग दरवाजा बंद करण्याचे कारण म्हणून पुढे केली गेली.

सत्तेवर मजूर पक्ष होता, पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन. गृहमंत्री जेम्स कॅलहॅन यांना त्या खात्यात तीन महिनेही झाले नव्हते. पौंडाच्या अवमूल्यनानंतर अर्थखाते सोडून ३० नोव्हेंबर १९६७ रोजी ते तिथे आले होते. त्यांच्या टिपणांतला युक्तिवाद सरळ आहे आणि तो नीट मांडायला हवा. येणाऱ्यांची संख्या आवाक्यात ठेवली तरच आधी आलेल्यांना न्याय्य वागणूक देता येईल, आणि निरनिराळ्या वंशांचे लोक गुण्यागोविंदाने राहतील. म्हणून एका हाताने प्रवेश रोखायचा आणि दुसऱ्या हाताने वंशभेदविरोधी कायदा आणायचा. तो दुसरा कायदाही १९६८ मध्येच झाला. कॅलहॅन ढोंगी होते असे मला वाटत नाही. पण त्यांच्या तराजूत एका बाजूला मतदारसंघांतली अस्वस्थता होती आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना त्या देशात मतच नव्हते असे नागरिक होते.

ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या इतिवृत्तांची एक खोड आहे : कोण काय बोलले हे त्यांत सहसा नावानिशी येत नाही, फक्त ‘चर्चेत असे मुद्दे आले’ एवढेच येते. म्हणून खात्यांची टिपणे जास्त बोलकी ठरतात. राष्ट्रकुल खात्याचे मंत्री जॉर्ज टॉमसन यांनी आपल्या टिपणात लिहून दिले होते की असा कायदा करणे तत्त्वतः चूक आहे, तो उघडउघड रंगावरून भेद करणारा ठरेल आणि आपण ज्यासाठी उभे आहोत त्या सगळ्याच्या विरुद्ध जाईल. हे वाक्य विरोधी बाकावरून आलेले नाही, वृत्तपत्रातलेही नाही. ज्या सरकारने कायदा केला त्याच्याच मंत्र्याने, कायदा होण्याआधी, ते गुप्त टिपणात लिहिले आहे. पुढे संसदेत आणि स्ट्रासबुर्गमध्येही ब्रिटन सरकार सांगत राहिले की या कायद्याचा वंशाशी संबंध नाही.

चेहरे दिसतात ते रिचर्ड क्रॉसमन यांच्या रोजनिशीत. क्रॉसमन त्या मंत्रिमंडळात होते. त्या आठवड्यांतल्या चर्चेविषयी ते लिहितात ते थोडक्यात असे : काही वर्षांपूर्वी या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ब्रिटिश पासपोर्टधारकांना अडवणे हे आपल्या खोलवरच्या तत्त्वांचे भयंकर उल्लंघन वाटले असते, आणि आज तेच सगळे आपापल्या खात्यांची टिपणे अडवण्याच्या बाजूने सुखाने वाचून दाखवत होते. रोजनिशीला पुरावा म्हणून किती वजन द्यायचे हा जुना प्रश्न आहे. क्रॉसमन यांना स्वतःच्या लेखणीची खुमखुमी होती. पण या बाबतीत त्यांना स्वतःला चांगले दाखवायचे नव्हते, कारण तेही त्या टेबलाशी होते आणि त्यांनीही राजीनामा दिला नाही. या रोजनिशीचा पहिला खंड रोखायला सरकार १९७५ मध्ये न्यायालयात गेले आणि हरले. हा भाग ज्यात आहे तो दुसरा खंड पुढच्या वर्षी आला.

सरकारने एक प्रयत्न करून पाहिला. केनियाचे अध्यक्ष जोमो केन्याट्टा यांचे मन वळवायला माल्कम मॅकडोनल्ड यांना पाठवण्यात आले. मॅकडोनल्ड केनियाचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर होते, केन्याट्टांशी त्यांचे संबंध चांगले होते. तरी उपयोग झाला नाही. २२ फेब्रुवारीला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि त्याच दिवशी कॅलहॅन यांनी तो कॉमन्समध्ये जाहीर केला.

पुढच्या आठवड्यातले तीन दिवस संसदेच्या इतिहासात वेगाबद्दल लक्षात राहिले. २७ फेब्रुवारीला कॉमन्समध्ये दुसरे वाचन झाले. ३७२ विरुद्ध ६२ मतांनी विधेयक पुढे गेले. विरोधात मजूर पक्षाचे बंडखोर, लिबरल आणि मॅक्लाउड यांच्यासारखे मोजके हुजूर होते. दोन्ही मोठ्या पक्षांचे नेतृत्व एका बाजूला असले की आकडे असेच पडतात. २८ तारखेला बाकीचे टप्पे रात्रभर बसून उरकले. लीप वर्ष होते, म्हणून २९ तारीख मिळाली. त्या दिवशी लॉर्ड्समध्ये चर्चा सुरू झाली आणि १ मार्चच्या सकाळपर्यंत चालली. तिथे दुसऱ्या वाचनाचे मतदान १०९ विरुद्ध ८५ झाले. निवडून न आलेल्या सभागृहात विरोध इतका, आणि निवडून आलेल्या सभागृहात तो नगण्य. कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्झी यांनी विधेयकाविरुद्ध भाषण केले. ‘द टाइम्स’ने तर अग्रलेखात म्हटले की मजूर पक्षाच्या सभासदांना इतक्या लाजिरवाण्या गोष्टीला मत द्यायला याआधी बहुधा कधीच सांगितले गेले नसेल.

कॅलहॅन यांचा संसदेतला बचाव असा होता की निकष रंगाचा नसून ब्रिटनशी असलेल्या नात्याचा आहे. ते नाते मोजायचे माप मात्र आजी-आजोबांचे जन्मस्थान. केनियातल्या बहुतेक गोऱ्या ब्रिटिश नागरिकांची एक तरी आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले होते. केनियातल्या भारतीयांपैकी जवळजवळ कुणाचेच नव्हते. उरलेल्यांसाठी वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांना ‘स्पेशल व्हाउचर’ देण्याची व्यवस्था झाली. नागरिकाला स्वतःच्या देशात जायला रांग लावावी लागेल, असा हा प्रकार होता. संयुक्त राष्ट्रांनी १९६८ हे मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळायचे ठरवले होते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

पॉवेल यांचे स्थलांतरितांविरुद्धचे बर्मिंगहॅमचे कुप्रसिद्ध भाषण २० एप्रिल १९६८ चे, कायद्यानंतर सात आठवड्यांनी झालेले. दरवाजा बंद केला की वातावरण निवळेल, हा कॅलहॅन यांचा हिशेब निदान त्या वसंतात तरी खरा ठरला नाही.

भारत सरकारची चाल चतुर होती, पण तिची किंमत सामान्य माणसांनी मोजली. हे लोक ब्रिटनची जबाबदारी आहेत, आपण त्यांना मुकाट्याने घेतले तर लंडन हात झटकेल, म्हणून केनियातल्या ब्रिटिश पासपोर्टधारकांना भारतात यायलाही व्हिसा सक्तीचा झाला. पुढे दोन्ही देशांत समझोता होऊन काहींना भारतात थांबून व्हाउचरची वाट पाहण्याची सोय झाली. मुंबईच्या ब्रिटिश उप-उच्चायुक्तालयातली ही रांग अनेक वर्षे हलत-डुलत राहिली.

काहीजण रांगेत न थांबता विमानात बसले. लंडनने उतरू दिले नाही, नैरोबीने किंवा कंपालाने परत घेतले नाही, तर ते मधल्या कुठल्यातरी विमानतळावर अडकले, पुन्हा लंडनला आले, पुन्हा परत पाठवले गेले. बॅडमिंटनच्या फुलासारखी ही ये-जा आयोगापुढच्या कागदांतही आली आहे. ब्रिटनमधल्या न्यायालयांत दाद मागण्यात अर्थ नव्हता, कारण तिथे संसदेचा कायदा न्यायाधीशांना रद्द करता येत नाही. वाट एकच उरली होती. ब्रिटनने १४ जानेवारी १९६६ रोजी व्यक्तींना स्ट्रासबुर्गकडे थेट तक्रार करण्याचा अधिकार मान्य केला होता, तोही विल्सन यांच्याच सरकारने.

त्या वाटेवर एक मोठा खड्डा होता. कोणत्याही नागरिकाला त्याच्या स्वतःच्या देशात प्रवेश नाकारता येणार नाही, असे युरोपीय कराराच्या चौथ्या प्रोटोकॉलचे तिसरे कलम स्पष्ट सांगते. पण त्या प्रोटोकॉलवर ब्रिटनने १६ सप्टेंबर १९६३ रोजी नुसती सही केली होती, अनुसमर्थन केले नव्हते. म्हणून जो हक्क सर्वांत सरळ लागू पडला असता तोच अर्जदारांना मागता येईना. त्यांचे वकील अँथनी लेस्टर आणि सहकारी यांना मूळ करारातल्या इतर कलमांचा आधार घ्यावा लागला : मानहानीकारक वागणूक, कौटुंबिक जीवन, व्यक्तिस्वातंत्र्य आणि भेदभावाला बंदी. १९७० च्या ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये मिळून ३१ अर्ज दाखल करून घेण्यात आले. त्यात २५ जण नागरिक होते आणि सहाजण ‘संरक्षित व्यक्ती’.

आयोगाचा अहवाल हा या सगळ्या दप्तरातला मला सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला कागद वाटतो. ब्रिटनचे म्हणणे आयोगाने अर्धे मान्य केले : मूळ करारात देशात प्रवेशाचा हक्क म्हणून हक्क नाही. पण हक्क नाही म्हणून वागणूक कशीही असली तरी चालेल असे होत नाही. एखाद्या जनसमूहाला केवळ वंशावरून सर्वांदेखत वेगळे काढणे हा काही परिस्थितींत मानवी प्रतिष्ठेवरचा विशेष आघात असू शकतो, आणि भाषेसारख्या दुसऱ्या कारणावरून केलेल्या भेदाला हे वजन येणार नाही, असा त्याचा विचार. मग प्रश्न उरला तो हा कायदा वंशावरून होता का, याचा. आयोगापुढे मंत्रिमंडळाचे कागद नव्हते. सरकारी कागद पन्नासऐवजी तीस वर्षांनी खुले करण्याचा नियम १ जानेवारी १९६८ पासून लागू झाला होता. त्या हिशेबानेही फेब्रुवारी १९६८ चे कागद १९९९ उजाडेपर्यंत उघडणार नव्हते. आयोगाने संसदेतली भाषणे वाचली, कायद्याचा प्रत्यक्ष परिणाम कुणावर झाला ते पाहिले, आणि त्यावरून कायद्यामागचा हेतू वांशिक होता असा निष्कर्ष काढला. टॉमसन यांचे टिपण न पाहता आयोग टॉमसन यांच्याच शब्दांपाशी पोचला.

२५ नागरिकांच्या बाबतीत मानहानीकारक वागणूक सिद्ध झाली. तिघांच्या बायका आधीच ब्रिटनमध्ये होत्या. नवऱ्यामागे बायकोला येता येई, पण बायकोमागे नवऱ्याला येता येत नसे; यात कौटुंबिक जीवनाच्या बाबतीत स्त्री-पुरुष भेद झाला असे आयोगाने ठरवले. हा नियम ब्रिटनने १९७४ मध्ये बदलला. सहा ‘संरक्षित व्यक्तीं’ची तक्रार फेटाळली गेली. १९६८ च्या कायद्याने त्यांच्यात वंशावरून भेद केला नव्हता, सगळ्यांनाच बाहेर ठेवले होते. तर्काला धरून आहे, पण माणुसकीला धरून आहे असे म्हणवत नाही. संरक्षण हा शब्द ज्यांच्या कागदावर होता त्यांनाच ते सर्वांत कमी मिळाले.

दरम्यान काळ थांबला नव्हता. ४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीन यांनी युगांडातल्या ब्रिटिश पासपोर्टधारक आशियाईंना ९० दिवसांची मुदत दिली, आणि एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारने सुमारे २८ हजार लोकांना आत घेतले. चार वर्षांपूर्वी जे अशक्य म्हटले होते ते तीन महिन्यांत झाले. आणि आजी-आजोबांची कसोटी जन्मस्थळाच्या नात्याच्या रूपाने पुढे नेणारा १९७१ चा स्थलांतर कायदा अमलात आला तो दिवस १ जानेवारी १९७३. त्याच दिवशी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला. त्या सकाळी इटलीच्या कामगाराला ब्रिटनमध्ये येऊन काम करण्याचा हक्क मिळाला. नैरोबीत ब्रिटिश पासपोर्ट हातात धरून बसलेल्याची रांग तशीच राहिली.

आता कुलूप. अहवाल लिहून झाल्यावर प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयाकडे नेण्याचा अधिकार आयोगाला होता आणि ब्रिटनलाही होता. अर्जदारांना नव्हता. दोघांनीही नेले नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मग निर्णय युरोप परिषदेच्या मंत्रिसमितीकडे गेला, म्हणजे सरकारांच्या प्रतिनिधींकडे, ज्यांत ब्रिटनही बसत होता. निर्णयाला दोन-तृतीयांश बहुमत लागे. समितीने जवळजवळ चार वर्षे घेतली आणि २१ ऑक्टोबर १९७७ च्या ठरावात नोंदवले की मानहानीकारक वागणुकीच्या मुद्द्यावर तसे बहुमत होऊ शकले नाही. सर्व ३१ अर्जदारांना एव्हाना ब्रिटनमध्ये प्रवेश मिळाला होता, व्हाउचरची वार्षिक संख्या १९७५ पासून ५,००० झाली होती. तेव्हा पुढे काही करायची गरज नाही. होही म्हणायचे नाही, नाहीही म्हणायचे नाही, आणि अहवालही छापायचा नाही.

कायद्याच्या वर्तुळात त्याचे सार फिरत होते, जाणकार त्याचा दाखलाही देत. पण अधिकृत प्रसिद्धीला परवानगी मिळाली ती २१ मार्च १९९४ च्या ठरावाने. अहवाल लिहिला गेल्यापासून वीस वर्षे उलटून गेली होती. मला यात या प्रकरणाचे मर्म दिसते. मानवी हक्कांचा भंग झाला की नाही हे ठरवण्याचे काम सरकारांवर सोपवले तर सरकारे एकमेकांना सांभाळून घेतात. १ नोव्हेंबर १९९८ रोजी अकराव्या प्रोटोकॉलने आयोग बरखास्त झाला, मंत्रिसमितीचा हा अधिकार गेला आणि व्यक्तीला थेट न्यायालयात जाता येऊ लागले. आज युरोपात ज्या न्यायालयाला स्थलांतराच्या प्रश्नात फार पुढे गेल्याचा दोष दिला जातो, ते या रूपात उभे राहण्याआधी काय चालत होते हे १९७७ च्या ठरावात वाचायला मिळते.

अहवाल बाहेर आल्यावर त्याला काम मिळाले. १० मे २००१ रोजी ‘सायप्रस विरुद्ध तुर्कस्तान’ या खटल्यात, उत्तर सायप्रसच्या कारपास भागात अडकलेल्या ग्रीक सायप्रिऑट लोकांना मिळालेली वागणूक मानहानीकारक ठरवताना न्यायालयाने या अहवालाचा आधार घेतला. ब्रिटनमध्ये मार्च २००२ मध्ये व्हाउचर योजना बंद झाली. त्याच वर्षी गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी नवा कायदा आणताना जुनी ऐतिहासिक चूक दुरुस्त करण्याची भाषा केली. ज्यांच्याकडे दुसरे कोणतेही नागरिकत्व नाही अशा उरलेल्या ब्रिटिश पासपोर्टधारकांना पूर्ण नागरिक म्हणून नोंदणी करण्याचा हक्क मिळाला आणि ३० एप्रिल २००३ पासून ती तरतूद लागू झाली. गृहखाते मजूर पक्षाकडेच होते. मधे ३५ वर्षे गेली होती.

मे २०२५ मध्ये डेन्मार्क आणि इटलीच्या पुढाकाराने नऊ युरोपीय देशांनी जाहीर पत्र काढले. न्यायालय कराराचा अर्थ फार ताणते, परदेशी गुन्हेगारांना बाहेर काढण्यात आमचे हात बांधले जातात, अशी त्यांची तक्रार. त्या तक्रारीत तथ्य किती ते ज्याने त्याने ठरवावे. पण १९६८ चा वाद परदेशी माणसांचा नव्हता, गुन्हेगारांचा तर नव्हताच. एका देशाच्या सरकारने आपल्याच नागरिकांपैकी कुणाला घर आहे आणि कुणाला नाही, हे आजी-आजोबांच्या जन्मगावावरून ठरवले होते, आणि ते ठरवताना आपण काय करतो आहोत हे त्याला नेमके ठाऊक होते. निदान टॉमसन यांच्या टिपणानंतर तरी ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही.

नागरिकाला स्वतःच्या देशात प्रवेश नाकारू नये असे सांगणाऱ्या ज्या चौथ्या प्रोटोकॉलवर ब्रिटनने १९६३ मध्ये सही केली, त्याचे अनुसमर्थन त्याने आजतागायत केलेले नाही.